आठ विटा

४ जानेवारी

मामा,

नमस्कार. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलायला जमत नाही, म्हणून पत्र. ताई वाचून दाखवेलच.

विद्यापीठाच्या स्टेडियमला येत्या एप्रिलमध्ये पन्नास वर्षं होतात. त्यानिमित्त पुस्तिका निघणार आहे, आणि ती लिहायचं काम जुन्या कागदपत्रांच्या विभागाकडे, म्हणजे माझ्याकडे आलं आहे. आमचे साहेब म्हणाले, "चाळीस पानं, फोटो भरपूर, कटकटीचं काही नको." फोटो आहेत. पण फोटोंत उद्घाटन करणारे, बक्षीस देणारे आणि हार घालणारेच दिसतात. एकतीस वर्षं ज्यांनी ते मैदान सांभाळलं ते तुम्ही फक्त एकाच फोटोत आहात, तेही पाठमोरे, हातात पाण्याचा पाइप. म्हणून तुम्हालाच विचारते.

पळणारे आणि फुटबॉलवाले एकाच मैदानावर इतकी वर्षं कसे नांदले? पळायची पट्टी पहिल्यांदा कशाची होती? आणि एक बारीकशी गोष्ट. धावपट्टीच्या आतल्या कडेला विटा होत्या ना, त्या पहिल्या नकाशात आणि नंतरच्या फोटोंत एकाच जागी दिसत नाहीत. गोलखांबापासून मोजलं तर फरक पडतो. माझी नजर चुकत असेल. विटा कधी हलवल्या होत्या का?

परवा शर्यतींची जुनी नोंदवही हातात आली. आपल्या दादाच्या शिष्यवृत्तीच्या तिसऱ्या चाचणीची नोंद माझ्याच अक्षरात आहे. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, हौसेने वही धरून बसले होते. आठशे मीटर, एक मिनिट बावन्न पूर्णांक तीन. पुढे 'अपात्र'. 'पा'चा काना मी इतका झोकदार काढला आहे की बघून लाज वाटली. हे तुम्हाला लिहावं की नाही, कळत नव्हतं. लिहिलं आहे, तर राहू देते.

तुमची,
शाई


१५ जानेवारी

शाईबाई,

मी सांगतोय, ताई लिहितेय. ती माझी भाषा धुऊन वाळत घालते, तेव्हा जिथे फार सभ्य वाटेल तिथे ती आहे असं समज.

कसे नांदले म्हणून विचारतेस? एका घरात दोन सवती. सकाळ पळणाऱ्यांची, संध्याकाळ फुटबॉलवाल्यांची, आणि दिवसभर तक्रारी माझ्या. पळणारे म्हणायचे, यांचे बूट आमची पट्टी उकरतात. ते म्हणायचे, यांचा भाला आमच्या गवतात भोकं पाडतो. मी दोघांना हो म्हणायचो आणि पाणी मारायचो. पाणी मारणाऱ्याशी कोणी भांडत नाही, अंगावर उडतं.

पट्टी आधी राखेची होती. वीटभट्टीची राख चाळून, दाबून, वर रोलर. शर्यतीच्या आदल्या दिवशी फक्कीने रेषा मारायच्या. आठ पट्ट्या. सगळी मापं आतल्या विटांपासून. विटा म्हणजे त्या घराचा उंबरठा.

आता तुझी नजर. चुकलेली नाही. विटा हलवल्या, मीच हलवल्या. फुटबॉलची बाजूची रेघ विटांच्या फार जवळ होती. कडेने पळणारा एक पोरगा चेंडूमागे घसरत गेला आणि डोकं थेट विटेवर. हॉस्पिटलची गाडी येईपर्यंत ते डोकं माझ्या मांडीवर होतं. जीव वाचला, पण एका डोळ्याने दिसेनासं झालं. मग क्रीडा अधिकारी म्हणाले, सगळी कडा फूटभर बाहेर घे. मोठ्या सुट्टीत मी आणि एक बिगारी, दोघांनी मिळून अकरा दिवसांत सतराशेच्या वर विटा काढून पुन्हा बसवल्या. शेवटी तोंड जुळेना. आठ विटा कमी पडल्या. त्या मी आमच्या क्वार्टरच्या मागच्या भिंतीतून काढल्या. तुझी मामी आठवडाभर बोलत नव्हती. म्हणाली, घर बांधायला माणसं विटा आणतात, हा माणूस घरातल्या नेतो.

त्यानंतर त्या मैदानावर एकही डोकं फुटलं नाही. हे लिही पुस्तिकेत. माझं नाव नको, 'मैदान सांभाळणारा' एवढं पुरे.

नोंदवहीचं वाचलं. तुझं अक्षर चांगलंच होतं.

मामा

ता. क. (माझा) — बाबा खुश आहेत. दोन दिवस विटांचीच गोष्ट चालली आहे. विचारलंस ते बरं केलंस. — ताई


२ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र मुद्दाम तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे. घरी नेऊ नकोस. निदान शेवटपर्यंत वाचेपर्यंत तरी.

मामांच्या पत्रातल्या आठ विटा माझ्या डोक्यातून जाईनात. कडा बाहेर घेतली की वर्तुळ मोठं होतं, म्हणून विटा कमी पडल्या. सरळ गोष्ट आहे. पण मग धावपट्टीही मोठी झाली असणार, कारण सगळी मापं त्याच विटांपासून. मी तीन दिवस स्वतःला सांगत होते की नंतर कोणीतरी पुन्हा मोजून रेषा दुरुस्त केल्या असतील. विद्यापीठ आहे, एवढं तर केलंच असेल.

नाही केलं. एकोणीस वर्षांपूर्वी राख काढून रबराची पट्टी टाकली, तेव्हाच्या मोजणीचा कागद सापडला. मोजणीदाराने एका ओळीत लिहिलंय : सध्याची एक फेरी चारशे एक पूर्णांक अठ्ठ्याऐंशी मीटर, नवीन आखणीत चारशे करावी. खाली कोणाचीतरी सही, आणि पान फायलीत. नऊ वर्षं त्या मैदानावर सगळे जवळजवळ दोन मीटर जास्त पळत होते आणि कोणालाच काही वाटलं नाही.

विटा हलवल्या त्याच्या पुढच्या वर्षी दादाच्या तिन्ही चाचण्या झाल्या. आठशे मीटर म्हणजे दोन फेऱ्या. तो आठशे तीन पूर्णांक शहात्तर मीटर पळाला. त्याला एक बावन्नच्या आत यायचं होतं आणि तीन दशांश जास्त लागले. ताई, मी गणित पुन्हा पुन्हा केलं. नंतर माझं उत्तर झाकून ठेवून आमच्या विभागातल्या एका माणसाकडून करून घेतलं. पावणेचार मीटरला त्याच्या वेगाने अर्धा सेकंद लागतो.

तो पात्र होता.

आणि 'अपात्र' मी लिहिलं. मला जे दिलं ते मी उतरवलं, हे खरं. पण त्या दिवशी ते लिहिताना मला थोडं महत्त्वाचं वाटलं होतं, हेही खरं आहे.

आता मला दोनच वाटा दिसतात. पुस्तिकेत खरं लिहिलं तर मामांना कळणार की त्यांनी स्वतःच्या हाताने काय केलं. नाही लिहिलं तर आमच्या खेळाडूंच्या यादीत दादापुढे जे छापलेलं आहे तेच पुन्हा छापलं जाणार : 'पात्रता वेळ गाठू शकला नाही.' हे मी ठरवू नये असं वाटतं. भाऊ तुझा, वडील तुझे. पण तुझ्यावर ढकलणं हा माझा भित्रेपणाही असेल. सांग.

शाई


९ फेब्रुवारी

शाई,

तुझं पत्र मी मुलांची परीक्षा चालू असताना वर्गात वाचलं. पुढचा एक तास पोरांनी काय कॉप्या केल्या असतील त्या केल्या.

नाही. सांगायचं नाही. कागदावर नाही, तोंडी नाही, आडून नाही.

तू खरेपणाची आहेस हे मला लहानपणापासून माहीत आहे. मी तुझ्या वाटणीचा खाऊ जास्त घेतला तर तू जाऊन आईला सांगायचीस, आणि मग सांगितलं म्हणून रडायचीस. पण हे खाऊचं नाही. बाबा एकोणऐंशीचे आहेत. दादा गेल्याला पंचवीस वर्षं झाली. तिसऱ्या चाचणीनंतर वयाची मर्यादा संपली, शिष्यवृत्ती गेली, त्याने ते खिळ्यांचे बूट माळ्यावर फेकले आणि गोदामात कामाला लागला. दोन वर्षांत पोत्यांची थप्पी अंगावर आली. बाबांनी हे कसं पचवलं माहीत आहे? "त्याच्यात तेवढं नव्हतं," असं स्वतःला सांगून. ऐकायला वाईट आहे, मलाही राग यायचा. पण त्या एका वाक्यावर ते उभे आहेत. ते काढून घेतलंस तर मी त्यांना कशाने धरू?

आणि एक सांगते, ते तुला माहीत नसेल. दादाला कळलं होतं. तो पावलं मोजायचा, आठवतं? पळताना ओठ हलायचे. दुसऱ्या चाचणीनंतर जेवताना म्हणाला, "बाबा, बाहेरच्या मैदानांवर माझी फेरी एकशे शहाण्णव पावलांत होते. इथे एकशे सत्त्याण्णव. एक पाऊल जास्त पडतं." बाबा घास तोंडात तसाच ठेवून म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं." आई हसली. मीसुद्धा हसले. दादा भाताचा डोंगर करून मोडत बसला. पुन्हा कधी ते बोलला नाही.

मी हसले होते, शाई. तुझा काना झोकदार होता, बस. तेव्हा मला तुझा अपराध समजावून सांगू नकोस.

यादीत काय छापायचं ते छाप. ती यादी कोण वाचतं?

ताई


२० फेब्रुवारी

मामा,

तुमच्या पत्राने मोठं काम झालं. सवतींची उपमा पुस्तिकेत घातली तर साहेब ती काढणार, पण मी घालणार आहे. राखेची माहितीही छान मिळाली. भालाफेकीच्या भोकांत तुम्ही बी पेरायचात असं आठवतं, त्याबद्दल थोडं सांगाल का? आणि प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर छत कधी आलं?

विटांची गोष्ट सध्या बाजूला ठेवली आहे. जागा कमी आहे आणि वाचणाऱ्यांना मोजमापांत फार रस नसतो.

थंडी जाते आहे, तरी सकाळी स्वेटर घालत जा.

शाई


११ मार्च

शाईबाई,

हे मी माझ्या हाताने लिहितो आहे. अक्षर मोठं आहे, ओळी वाकड्या आहेत. ताईला माहीत नाही. ती शाळेत गेली की अर्धं पान होतं. आजचा सहावा दिवस.

तू विटांचं विचारलंस आणि मग म्हणालीस, जागा कमी आहे. तू लहानपणापासून खोटं बोललीस की लगेच स्वेटर घाल म्हणतेस. आणि ताई महिनाभर माझ्याकडे बघत नाही. चहा ठेवते आणि वळते. मी मैदानावर आयुष्य काढलं. गवत कुठे दबलंय ते मला दिसतं.

तुला मी पहिल्या पत्रात एक वाक्य कमी सांगितलं. अधिकाऱ्यांनी विटा हलव म्हटलं तेव्हा मी विचारलं होतं, साहेब, मग मोजणी? ते म्हणाले, मोजणीवाले मागवू, तू हलव. ते कोणी आले नाहीत. मी दोनदा आठवण केली. दुसऱ्यांदा ते म्हणाले, तू पाणी मार.

लंबू, म्हणजे तुझा दादा, जेवताना म्हणाला, एक पाऊल जास्त पडतं. मी काय म्हणालो ते ताईने तुला सांगितलं असेल. पण त्या वेळीच मी मनात मोजत होतो. आठ विटा. नऊ इंची वीट, आठ झाल्या म्हणजे सहा फूट. सहा फूट म्हणजे त्याचं एक पाऊल, थोडं कमी. मला वेगळं गणित करावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेप घेऊन मी कडेने फिरलो. मोजलं. जास्त होतं. किती ते सांगत नाही, तुझ्याकडे कागद असेल.

तिसऱ्या चाचणीला नऊ दिवस होते. तुला वाटेल, मग बोलला का नाही? मलाही वाटतं. रोज वाटतं. त्या वेळी मला असं वाटलं : सांगितलं तर विटा परत आत जातील, आणि परत कोणाचं तरी डोकं माझ्या मांडीवर येईल. हे एक. वर्षभराच्या सगळ्या शर्यती रद्द होतील आणि विचारतील, मोजल्याशिवाय विटा हलवल्या कोणी? अधिकारी माझ्याकडे बोट दाखवतील. क्वार्टर जाईल. तुझी मामी तेव्हा आजारी होती. हे दोन. पहिलं कारण मी लोकांना सांगितलं असतं. खरं दुसरं होतं. हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

आणि तिसरं, ते कोणाला खरं वाटणार नाही. मला वाटलं तो एवढा जोरात आहे की एक पाऊल काय, दहा खाऊन टाकेल. माझा त्याच्यावर विश्वास होता. त्याला मी हे कधी बोललो नाही. त्याला मी अंगण वाकडं म्हणालो.

ताईला वाटतं, मी म्हणतो त्याच्यात तेवढं नव्हतं, ते मला खरं वाटतं. मी ते तिच्यासाठी आणि तिच्या आईसाठी म्हणायचो. त्यांना वाटावं की कोणाची चूक नव्हती.

तू विचारलंस तेव्हा वाटलं, आली वेळ. इतकी वर्षं कोणी विचारलं नव्हतं. म्हणून आठ विटा सांगितल्या. त्या नसत्या सांगितल्या तरी चाललं असतं.

आता लिही. 'मैदान सांभाळणारा' असं नको. त्याचा बाप असं लिही.

मामा


२ एप्रिल

मामा आणि ताई,

हे पत्र तुम्हा दोघांना आहे. ताई, मामांचं पत्र मी तुझ्याकडे पाठवायचं की नाही यावर पंधरा दिवस काढले. शेवटी मामांनीच तुला सांगितल्याचं तुझ्या फोनवरून कळलं. तू फोनवर फक्त "बाबांनी सांगितलं" म्हणालीस आणि ठेवलास. मी परत फोन केला नाही. करायला हवा होता, असं आता वाटतं.

पुस्तिका छापून आली. मी एक पान लिहिलं होतं. जखमी झालेला मुलगा, सरकवलेल्या विटा, न झालेली मोजणी, चारशे एक पूर्णांक अठ्ठ्याऐंशी, आणि दादा. 'त्याचा बाप' असंही लिहिलं होतं. साहेबांनी ते पान दोनदा वाचलं. वाईट माणूस नाहीत ते. म्हणाले, "अहो, नऊ वर्षांचे सगळे निकाल चुकीचे होते असं विद्यापीठ स्वतःच्या वाढदिवशी सांगणार का?" छापील पुस्तिकेत तिसाव्या पानावर एक ओळ आहे : 'खेळाडूंच्या सुरक्षिततेसाठी मैदानात वेळोवेळी आवश्यक ते बदल करण्यात आले.' सवतीही गेल्या. दादापुढची ओळ यादीत तशीच आहे.

मी भांडले का? थोडं. राजीनामा देईन असं मनात म्हटलं आणि घरी येऊन स्वयंपाक केला. मामा, तुमचं क्वार्टरचं वाचलं तेव्हा मला तुमचा राग आला होता. त्या संध्याकाळी तो कमी झाला, आणि तेही मला आवडलं नाही.

मग एक केलं. आमच्या विभागात पहिला नियम हा, की जुन्या कागदावर काही लिहायचं नाही. नव्या मुलांना मीच तो शिकवते. काल मी नोंदवही काढली. माझ्या जुन्या अक्षराला हात लावला नाही. 'अपात्र' तसंच ठेवलं. समासात, त्या ओळीच्या शेजारी लिहिलं :

'प्रत्यक्ष अंतर आठशे तीन पूर्णांक शहात्तर मीटर. पाहा, मोजणीचा कागद, धावपट्टी फाईल.' खाली तारीख आणि पूर्ण सही.

मोजणीच्या कागदाची प्रत त्याच पानाला टाचली. वही परत कपाटात ठेवली. ती कोणी उघडेल का, माहीत नाही. मला एवढंच जमलं. हे पुरेसं आहे असं मी म्हणत नाही.

शाई


१० एप्रिल

शाई,

पत्र बाबांना वाचून दाखवलं. इतके दिवस आम्ही एका घरात राहून फक्त मीठ दे, पंखा लाव एवढंच बोलत होतो. मी त्यांच्यावर रागावले आहे की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. कळलं की सांगेन.

समासातली ओळ त्यांनी परत वाचायला लावली. तिसऱ्यांदाही. मग म्हणाले, "मग बरोबर आठशेला त्याला किती लागले असते?"

मी पाटीसारखं एक पान पुढ्यात ओढलं आणि गणित केलं. खात्रीसाठी दोनदा केलं. म्हटलं, "एक मिनिट एक्कावन्न पूर्णांक आठ. दोन दशांश आत."

त्यांनी मान हलवली.

"बरोबर आहे," म्हणाले. "त्या दिवशी मी टेपने मोजलेल्या खऱ्या आठशेपाशी उभा होतो. घड्याळ थांबवलं तेव्हा माझंही तेवढंच आलं होतं."

ताई